मैनाबाईच्या गोदामाचं कुलूप

कोसंबटोल्याच्या मैनाबाई मडावीला नागपूरच्या एका संस्थेनं फसवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या गडचिरोलीकडे आदिवासी बाईला कोणी फसवलं म्हटलं की लोकांचं बोट आधी व्यापाऱ्याकडे जातं, आणि व्यापारी मी आहे. चामोर्शीत माझं दुकान आहे. मोहफुलं, हिरडा, चारोळी, डिंक, जंगलातून जे येतं ते मी घेतो आणि पुढं विकतो. सायकलला मिठाची पोती बांधून सुरुवात केली. बापानं मागं ठेवली ती फक्त सायकल, तीही बिनब्रेकची. भाव पाडून मागणं हे माझं काम आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण ज्या माणसानं भर सभेत मला लुटारू म्हटलं, त्यानं मैनाबाईचं जे केलं ते मी आयुष्यात कोणाचं केलेलं नाही. म्हणून ती कशी होती ते मीच लिहितो. त्या संस्थेच्या पुस्तिकेत तिचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'एक यशस्वी महिला'. बास, तेवढंच.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भांडणातच. चैत्रातले दिवस होते. मी कोसंबटोल्याला मीठ घेऊन गेलो होतो. तेव्हा पैशापेक्षा मिठावर व्यवहार जास्त चाले. एका पारड्यात मीठ, दुसऱ्यात मोहफुलं. बाया टोपली घेऊन रांगेत उभ्या. त्यांच्यातून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई पुढं आली. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले, लुगडं गुडघ्याच्या जरा खाली. तिनं टोपली ठेवली नाही. माझ्या तराजूकडे पाहत राहिली.

"रशीदभाऊ, तुमचा तराजू दोनीकडून सारखाच असन ना?"

मी म्हटलं, असेल नाही, आहे.

"मंग मीठ या पारड्यात ठेवा अन् फुलं त्या पारड्यात."

मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझं डोकं फिरलं. तराजू झुकत होता की नव्हता ते इथं सांगत बसत नाही. मी मीठ गाडीवर चढवलं, अशा गावात पुन्हा पाय ठेवणार नाही असं ओरडून सांगितलं आणि निघालो. नाल्यापर्यंत गेलो. मग डोक्यात हिशेब सुरू झाला की त्या अंगणात किती फुलं वाळत पडलीत आणि दुसरा व्यापारी परवा येईल. परत फिरलो. ती तिथंच उकिडवी बसलेली होती, जसं काही मी परत येणारच हे तिला माहीत होतं. म्हणाली, "पाणी प्या आधी. गरम झाले तुमी." मी पाणी प्यालो आणि पारडी बदलली.

त्या दिवसापासून माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मैनाबाई. घासाघीस करणारे मी पुष्कळ पाहिलेत. आवाज चढवणारे, निघून जाण्याचं नाटक करणारे, देवाची शपथ घेणारे. मैनाबाई यातलं काही करत नसे. ती मला जमिनीवर बसवायची. खुर्ची आणली तर बाजूला सारायची. मग माझ्या अम्मीचे गुडघे कसे आहेत, दुकानाचं छत बदललं का, धाकटीचं शाळेत कसं चाललंय, हे सगळं विचारायची. मी भाव सांगायचो. ती म्हणायची, "विचारतो." आणि खरंच विचारायची, एकेका बाईला, नाव घेऊन. भाव पटला का? जिला पटला नाही तिला कारण विचारायची. शेवटची बाई हो म्हणेपर्यंत सौदा होत नसे. त्या टोल्यात, म्हणजे त्या वस्तीत, पंचायतीचा, लग्नाचा, शिकारीच्या वाट्याचा, कुठलाही निर्णय तसाच होतो. हात वर करून मोजणं त्यांच्यात नाही. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसतात. आणि एकदा सगळे हो म्हणाले की मग मागं काही राखून ठेवायचं नाही. हो म्हणून घरात एक टोपली लपवली तर ती चोरीपेक्षा वाईट धरतात. मी व्यापारी माणूस, मला ही रीत वेडेपणाची वाटायची. हो म्हणावं आणि अर्धं मागं ठेवावं, असं मी शिकलो होतो.

एकदा दुपार उलटून गेली, सगळ्या बाया हो म्हणाल्या, आणि गाडी अडली ती एका बाईसाठी. ती सगळ्यांपासून दूर, चिंचेखाली एकटी बसली होती. बिरजोबाई. तिच्या नवऱ्याला जंगलात कोणीतरी गोळी घातली होती. कोणी, ते गावात कोणी बोलत नाही आणि मीही लिहीत नाही. त्यानंतर तिला ठाण्यात नेऊन बरेच दिवस बसवून ठेवलं होतं. परत आली तेव्हापासून बाया तिच्याजवळ बसत नव्हत्या. वाईट म्हणून नव्हे, भीतीपोटी. तिच्या दिराने नवऱ्याकडची मोहाची झाडं घेऊन टाकली होती. आमच्या भागात मोहाचं झाड घराण्याचं असतं. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. झाड गेलं म्हणजे पावसाळ्यातलं खाणं गेलं.

मी ओरडलो, "अहो, तिची टोपली अर्धी पण नाही. तिच्यासाठी मी इथं झोपू का?"

मैनाबाई उठली. चिंचेखाली जाऊन बिरजोबाईच्या शेजारी बसली, आणि तिथूनच मला म्हणाली, "अर्धी हाये, पण हाये ना. या, इथी या अन् तिले भाव सांगा."

मी गेलो. बिरजोबाईला भाव सांगितला. तिनं मान खाली घालूनच विचारलं, थोडं वाढवता का? मी वाढवला. का वाढवला ते मला आजही नीट सांगता येत नाही. मैनाबाईनं पुढच्या चैत्रात स्वतःच्या दोन झाडांपैकी एक बिरजोबाईला वेचायला दिलं. तुझ्या नवऱ्याला विचारलंस का, असं मी म्हटलं तर मैनाबाई हसली. नवरा शेळ्या राखायचा, भात शिजवायचा आणि बायकोच्या मध्ये पडायचा नाही. तोही सुखात होता.

सरकारी कचेरीत मात्र ती वेगळीच असे. बिरजोबाईला विधवेचा पगार लावून द्यायला ती तिला घेऊन तहसीलला आली होती. त्या दिवशी मीही माझ्या कामासाठी तिथं बाकावर बसलो होतो. खिडकीतल्या बाबूच्या तोंडात खर्रा. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा हा खर्रा तोंडात नसलेला बाबू सापडणं कठीण. तो तोंड वर करून काहीतरी गुरगुरला. बिरजोबाई घाबरून मागं सरकली. मैनाबाई खिडकीत वाकली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "साहेब, आधी थुका, मंग बोला. आमाले समजून नाई राह्यलं."

बाकावरचे सगळे हसले. बाबू लाल झाला, कशाला आली, कोणाची बाई, असलं काही बोलला. ती हलली नाही. मागं रांग वाढली. शेवटी तो उठला, बाहेर जाऊन थुंकून आला आणि नीट बोलला. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, आता तो कागद मुद्दाम रखडवेल. ती म्हणाली, "रखडवन. पण पुढच्या बाईशी तोंड रिकामं करून बोलन." पगार खरंच उशिरा लागला. तोवर ती किती वेळा आली, मी मोजलं नाही. तिकिटाचे पैसे वाचावे म्हणून अर्धी वाट चालत यायची.

असं तिनं आजूबाजूच्या टोल्यांतल्या बायांना एकत्र केलं. माझ्यासारख्याचं नुकसान केलं, हेही खरं. भाव तिच्यामुळं चढले. मी चिडायचो, शिव्या द्यायचो, आणि तरी दर चैत्रात आधी तिच्याच अंगणात जायचो. दुसरीकडे बोलण्यात मजा नव्हती.

मग ती संस्था आली. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं, आणि संचालक साहेब. साहेबाला बोलता छान यायचं. तो म्हणाला, तुम्ही चैत्रात फुलं स्वस्तात विकता आणि पावसाळ्यात तीच महाग घेता. ती साठवा, भाव चढला की विका. यात चूक काही नव्हतं. मैनाबाई हेच वर्षानुवर्षं म्हणत होती, तिच्याकडे जागा नव्हती एवढंच. संस्थेनं टोल्याच्या टोकाला गोदाम बांधलं. सिमेंटची फरशी, वर पत्रे, लोखंडी दार. उद्घाटनाला मलाही बोलावलं होतं. मी दुकान बंद करून गेलो, आणि या साहेबानं मांडवात उभं राहून माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की यांच्यासारख्या लुटारूंचे दिवस संपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैनाबाईनं वाजवल्या नाहीत. कार्यक्रम झाल्यावर ती मला नाल्यापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "त्याले तुमी ठाऊक नाई." माझा राग काही गेला नाही. अजून गेलेला नाही.

दाराला कुलूप लावायचं की नाही यावर टोल्यात बोलणं झालं होतं. त्या गावात घराला कुलूप नसतं, दाराला फार तर कडी असते. साहेब म्हणाला, देणगीदारांचे नियम असतात, चावी आमच्या कार्यालयात राहील, हवं तेव्हा आमचा माणूस येऊन उघडून देईल. मैनाबाईनं सगळ्या बायांना विचारलं. हो झालं. मग साहेबानं सांगितलं की पाहुणे येणार आहेत, गोदाम भरलेलं दिसायला हवं. आणि इथं ती गोष्ट घडली जी फक्त त्याच गावात घडू शकते. तो फोटोपुरतं बोलला होता. बायांनी हो म्हटलं होतं, आणि हो म्हटल्यावर मागं काही ठेवायचं नसतं. विकायची फुलं तर आणलीच, पण कणग्यांमधली, पावसाळ्यात पोरांना उकडून घालायची, भाकरीत मिसळायची, तीही ओतली. मैनाबाईनं आपली आधी ओतली.

त्या चैत्रात मी चांगला भाव घेऊन गेलो होतो. ती अंगणात बसलेली होती, मोकळ्या कणगीत हात घालून झाडत होती. मला म्हणाली, "यंदा नाई भाऊ. पावसात या, मंग बोलू." तिला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, घरचं ठेवलंस का थोडं? तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चोरी शिकवत होतो.

ज्येष्ठात गाडी यायची बंद झाली. संस्थेचा प्रकल्प संपला होता म्हणे, देणगीदाराशी काही वाद झाला होता म्हणे. गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं दुसऱ्या जिल्ह्यात गेली. त्यांच्या गडचिरोलीतल्या कार्यालयाच्या दारावर पाटी राहिली आणि आत एक शिपाई. चावी साहेबाकडे आहे, एवढंच तो सांगायचा. मैनाबाई जात राहिली. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता असा फोडलाय की जायला यायला पूर्ण दिवस जातो. टेकडीवर चढून, रेंज शोधून फोन लावायची. प्रक्रिया सुरू आहे, असं उत्तर मिळायचं. एकदा माझ्या दुकानात बसून माझ्या फोनवरून लावला. मीच बोललो. साहेब म्हणाला, तुमचा यात काय संबंध? मी त्याला माझा संबंध काय आहे ते माझ्या भाषेत सांगितलं. त्यानं फोन कापला आणि पुन्हा उचलला नाही.

आषाढ लागला. मोहफूल कोरडं असेपर्यंत वर्षभर टिकतं. ओल लागली की ते आंबतं, काळं पडतं, त्यात अळी होते. एका वादळात पत्र्याचा एक कोपरा उचकटला. मी गेलो तेव्हा दाराच्या फटीतून गोडसर आंबट वास येत होता. टोल्यातली पोरं दाराभोवती घुटमळत होती. घराघरांत नुसता भात आणि अंबाडीची भाजी, तीही एक वेळ.

मी म्हटलं, बाजूला व्हा, मी तोडतो. माझ्या गाडीत पहार आहे.

मैनाबाईनं माझा हात धरला. "तुमी तोडलं तं व्यापाऱ्यानं चोरलं म्हणतीन. आमी तोडलं तं आमी चोर. बसू द्या आमाले आधी."

ते गोटुलात बसले, म्हणजे गावाची सभेची पडवी आहे तिथं. मी दारात थांबलो. तिनं एकेकीला विचारलं. कुलूप तोडायचं? हो. हो. हो. म्हातारी कौसाबाई बहिरी, तिला कानात ओरडून विचारलं, तीही हो म्हणाली. मग बिरजोबाईची पाळी आली.

बिरजोबाई नाई म्हणाली.

कोणीतरी तिच्यावर खेकसलं. मैनाबाईनं त्या बाईला गप्प केलं आणि बिरजोबाईला विचारलं, काऊन नाई?

"कुलूप तोडलं तं पोलीस पहिले कोनाच्या घरी येतीन, सांगा ना. माह्याच घरी. मी तिथी बसून आली हावो. तुमी नाई बसल्या."

बाहेर पाऊस पडत होता. मैनाबाईनं सांगितलं, मंग पुन्हा बसू. आणि सगळे उठले.

मी तिला बाहेर अडवलं. जे तोंडाला आलं ते बोललो. एका भित्र्या बाईसाठी अख्ख्या टोल्याचं खाणं सडवतेस? तुझी ही पद्धत तुला खाऊन टाकेल. ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तिले इचारलं नाई तं मंग मी त्या साहेबापरीस काय येगळी हावो?"

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यालयात गेली. पुन्हा तेच. पुन्हा बसले, पुन्हा बिरजोबाई नाई म्हणाली. असं श्रावण अर्धा होईपर्यंत चाललं. शेवटी एका सकाळी दाराखालून काळं पाणी वाहत बाहेर आलं आणि बिरजोबाईच स्वतः कुऱ्हाड घेऊन आली. तिनं दारासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तोडा." कुऱ्हाड तिनं मैनाबाईच्या हातात दिली.

मला निरोप आला होता, मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आत काय होतं ते फार लिहीत नाही. काळा लगदा, वर पांढऱ्या अळ्या, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. बाया फावड्यानं बाहेर ओढत होत्या. जनावरांनीही तोंड लावलं नाही. मैनाबाई आतल्या कोपऱ्यात गुडघाभर लगद्यात उभी राहून हातानं तळ उकरत होती, खाली कुठं कोरडं राहिलंय का बघायला. कोरडं नव्हतं.

पोलीस आले नाहीत. साहेबही आला नाही. कुलूप तुटल्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणजे ते आधीच तोडलं असतं तरी काही झालं नसतं. पण हे कळायला आधी तोडावं लागलं असतं.

मैनाबाईला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बाया तिच्या अंगणात बसायला येईनाशा झाल्या, एवढंच. तिनं दिलेला शब्द होता तो, साहेबाचा तिथं कोणी धरलाच नव्हता. त्या हिवाळ्यात टोल्यातली अर्धी घरं मिरची तोडायला तेलंगणात गेली. दरवर्षी काही जण जातात, पण त्या वर्षी लेकरंबाळं, म्हातारे सगळेच निघाले, कारण कणग्या रिकाम्या होत्या. मैनाबाई कधी गेली नव्हती. त्या वर्षी गेली. तिकडंच शेतातल्या झोपडीत तिला ताप भरला. दवाखाना लांब होता आणि मुकादम म्हणाला उद्या पाहू. तिला तिथंच माती दिली. टोल्यातल्या फक्त दोन बाया तिच्याजवळ होत्या, त्यातली एक बिरजोबाई.

पुढच्या चैत्रात मी कोसंबटोल्याला गेलो. बाया आपापल्या दारात बसल्या होत्या, एकत्र कोणी नव्हतं. मी पहिल्या दारात भाव सांगितला. पाडूनच सांगितला, कारण त्यावर बोलणं होईल असं धरून चाललो होतो. ती बाई मान हलवून हो म्हणाली. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात मी ओरडलो, अगं काहीतरी बोल ना, इतकं कमी सांगितलं तुला. ती घाबरली आणि आत गेली. त्या वर्षी मला इतकी स्वस्त फुलं मिळाली की आयुष्यात मिळाली नव्हती. मी गाडी भरली आणि रस्ताभर शिव्या दिल्या.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हिवाळ्यात, चामोर्शीच्या चौकात, मिरचीला जाणाऱ्या गाड्या लागतात तिथं. जुम्म्याची नमाज आटोपून मी दुकानाकडे परतत होतो. मुकादम पिकअपमध्ये माणसं कोंबत होता. मैनाबाई मागच्या फळीला टेकून बसली होती, मांडीवर कोणाचं तरी लेकरू झोपलेलं. चेहरा खाली ओढलेला, हनुवटीचं हाड वर आलेलं. मी गाडीजवळ गेलो आणि विचारलं, तू कशाला जातेस, तुझा नवरा आहे, शेळ्या आहेत.

ती म्हणाली, "ज्यायचं पोट मी रिकामं केलं, त्यायच्यासंगं नाई जाऊ तं कुठी जाऊ, भाऊ?"

मी म्हटलं, ते तू नाही केलंस. तिनं लेकराचं डोकं नीट घेतलं, उन्हातून बाजूला केलं. गाडी सुरू झाली. तिनं हात वर केला नाही, नुसतं एकदा पाहिलं. मग पुढच्या पोत्यांच्या आड गेली.

तर संचालक साहेब, तुम्ही आता दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या बायांना गोदामं बांधून देता, असं ऐकतो. बांधा. पण आधी कोसंबटोल्याला या. मी लुटारू आहे, मला काही सांगू नका. बिरजोबाईसमोर उभे राहा आणि तिला सांगा, आषाढभर ती चावी तुमच्या टेबलाच्या कुठल्या खणात पडली होती, आणि तो खण उघडायला तुमचा हात का उचलला नाही.